पिल्लाच्या कपाळावर केस नाहीत, खाज नाही, औषधाला दाद नाही (जर्मन शेफर्ड, कोल्हापूर)

कळंबेकर · १२ मार्च, रात्री ११.०५

नमस्कार मंडळी. लिहायचा कंटाळा आहे, पण आता माझं डोकं चालेना म्हणून धागा काढतोय.

जानेवारीत जर्मन शेफर्डचा नर आणला. नाव बंड्या. आणला तेव्हा दीड महिन्याचा होता, आज साडेतीन महिन्यांचा आहे. आणला त्या दिवसापासून कपाळावर केस नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या वरपासून कानांच्या मुळापर्यंत गुळगुळीत. शेपटीच्या वर कमरेवर तसंच टक्कल, आणि पोटावरही. बाकी अंगावर मात्र झकास केस. विकणारा म्हणाला, "आईनं चाटून चाटून गेल्यात, महिन्यात येतील." आम्ही खुळ्यागत मान डोलावली.

महिना गेला, दोन गेले. एका दवाखान्यात कातडी खरवडून तपासली, किडे सापडले नाहीत. तरी "लूतच असणार" म्हणून आयव्हरमेक्टिनची चार इंजेक्शनं झाली. औषधी शाम्पू झाला. दुसऱ्या दवाखान्यात गजकर्ण म्हणून गोळ्या दिल्या. आज्जीनं करंज तेल लावलं. एक केस फुटला नाही.

आणखी दोन गोष्टी. सकाळी डोळे चिपडांनी चिकटलेले असतात, आणि नाकावर खपली धरते. अधनंमधनं ढासतो. बाकी खायला एक नंबर, खेळायला एक नंबर. हे काय आहे?

पाचगावचा पैलवान · १२ मार्च, रात्री ११.३१

भावा, लूत हाय. गॅरेजमधनं गाडीचं काळं ऑइल आण, दोन दिवसाआड चोळ. आमच्या टायग्याला आठवड्यात फरक पडला.

रंकाळ्याचा वारा · १२ मार्च, रात्री ११.४०

पैलवान, हात जोडतो, हे पुन्हा कुणाला सांगू नका. कुत्रं अंग चाटतं, ते ऑइल पोटात जातं. आमच्या गल्लीत एक चांगलं कुत्रं याच पायी गेलं. काळं ऑइल गाडीतच बरं.

पाचगावचा पैलवान · १२ मार्च, रात्री ११.४४

बरं बाबा. गंधक नि खोबरेल तरी लावू दे का नको?

शिरवळ रिटर्न · १३ मार्च, सकाळी ७.२०

कळंबेकर, मी पशुवैद्यक आहे. शिरवळच्या कॉलेजात शिकले, आता गावाकडे कुत्र्यांपेक्षा म्हशीच जास्त बघते. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला सोडवेना, तुम्ही ती शीर्षकातही घातली आहे: खाज नाही. लूत, म्हणजे खरजेच्या किड्याची, असती तर पिल्लानं स्वतःला ओरबाडून रक्त काढलं असतं आणि एव्हाना तुमच्याही हातावर पुरळ उठली असती. डेमोडेक्स म्हणून केसांच्या मुळात राहणारा दुसरा किडा असतो, त्याला सुरुवातीला खाज नसते हे खरं, पण तो असा दोन्ही बाजूंना आरशात बघितल्यासारखा सारखा आणि जन्मापासून नसतो.

एक काम करा. पिल्लाचं तोंड उघडा, समोरून आणि बाजूनं फोटो काढून इथे टाका. दात दिसले पाहिजेत. आणि तोपर्यंत आयव्हरमेक्टिन पुन्हा देऊ नका. कोली जातीच्या आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं. चार इंजेक्शनं पचली हे तुमचं नशीब.

कळंबेकर · १३ मार्च, रात्री ९.१५

फोटो टाकलेत. मला काही जमेना, आईनं तोंड उघडलं. ती पारडाचं उघडते तसं, एक अंगठा गालात घालून. आत बघितलं आणि म्हणाली, "अरे, ह्याला म्हशीगत वरचं दातच न्हाईत!"

पूर्ण नाहीत असं नाही. वर पुढे दोनच आहेत, तेही चपटे नाहीत, डाळिंबाच्या काट्यासारखे टोकदार. खाली तीन. सुळे आहेत पण बारीक, आणि मधे अख्खा हिरडीचा पट्टा मोकळा. मी मोजले, सगळे मिळून अकरा.

दोन महिने हे पिल्लू माझ्या मांडीवर झोपतंय आणि मी कधी तोंडात बघितलं नाही. आमचे वडील वडगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेले की पहिलं तोंड उघडतात, दोन दाती का चार दाती ते बघतात, मग किमतीचं बोलतात. आणि आठ हजाराचं कुत्रं मी फोटो बघून आणलं.

शिरवळ रिटर्न · १३ मार्च, रात्री १०.४०

आईंना माझा नमस्कार सांगा. (म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, ते तिच्या बाबतीत बरोबर आहे. कुत्र्याला मात्र दुधाचे २८ आणि पक्के ४२ असतात.)

फोटोवरून शंभर टक्के निदान करत नाही, पण तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या डोक्यात एकच नाव येतं: जन्मापासून ठरावीक जागी टक्कल, कमी आणि सुळकेदार दात, कोरडे डोळे नि नाक. याला एक्स-लिंक्ड हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतात. नाव लांबलचक आहे, गोष्ट सोपी आहे.

गर्भात पिल्लाच्या अंगावर जो सगळ्यात बाहेरचा थर असतो, त्यातूनच केस, दात, घामाच्या ग्रंथी, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या ग्रंथी, नखं, सगळं तयार होतं. कुठे केसाचं मूळ बसवायचं, कुठे दाताचा कोंब धरायचा, हा निरोप पेशी एकमेकींना देतात. तो निरोप नेणाऱ्या प्रथिनाचं नाव एक्टोडिस्प्लेसिन ए, त्याचा जनुक ईडीए, आणि हा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तुमच्या भाषेत: सरी पाडली, पाणी सोडलं, पण कांडी ठेवा म्हणून सांगणारा मुकादमच आला नाही. शेत तयार आहे, ऊस नाही. म्हणून वरून काहीही चोळलं तरी केस येणार नाहीत. टकलाच्या जागी केसांची मुळंच नसतात, शेजारच्या तैलग्रंथीही नसतात. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की हे स्पष्ट दिसतं.

ढासही त्यातलीच. श्वासनलिकेत चिकट पाणी सोडणाऱ्या ग्रंथी असतात, त्या धूळ नि जंतू अडकवून बाहेर ढकलतात. याच्यात त्या नसतात किंवा फार कमी असतात, म्हणून छातीत लागण पटकन होते. टकलापेक्षा मला याची काळजी जास्त आहे.

मिरजकर अनिल · १४ मार्च, दुपारी १.१०

इथे एक जुनी गोष्ट आठवली, विषयाला धरून आहे. हाच प्रकार माणसांतही होतो, आणि त्याच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक आपल्याच बाजूची आहे. डार्विननं १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिलंय. चार पिढ्यांत दहा पुरुष, दोन्ही जबडे मिळून पुढचे चार बारके दात आणि मागच्या आठ दाढा. अंगावर केस फारच थोडे, तरुणपणीच टक्कल, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून भयंकर त्रास. पुढे त्यानं असंही नोंदवलं की मुलींना हे कधीच होत नाही, पण मुली ते आपल्या मुलांना देतात. मुलगा आपल्या मुलाला देत नाही.

जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. आणि याच माणसानं १८५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की केस नसलेल्या कुत्र्यांचे दातही अपुरे असतात.

शिरवळ रिटर्न · १४ मार्च, दुपारी २.०२

अनिलराव, वा! तुमच्या शेवटच्या वाक्यावर मात्र एक फाटा फोडते, नाहीतर गोंधळ होईल.

ताराराणी चौक · १४ मार्च, दुपारी २.३०

मी तोच प्रश्न विचारणार होते. बिनकेसांची कुत्री तर लाखालाखाला विकतात! मग बंड्याचा तो आजार आणि त्यांची ती जात, हे कसं काय?

शिरवळ रिटर्न · १४ मार्च, दुपारी ३.१५

ताई, तोच फाटा. चायनीज क्रेस्टेड, मेक्सिकोतलं आणि पेरूतलं बिनकेसांचं कुत्रं, या तिघांत दोष एकच आहे, पण तो वेगळ्या जनुकात, फॉक्सआय-थ्री नावाच्या. २००८ मध्ये तो सापडला. तो एक्सवर नाही, त्यामुळे नर-मादी दोघांत सारखाच दिसतो. एक प्रत बिघडलेली असली की केस जातात नि दात कमी होतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर पिल्लू गर्भातच जातं. म्हणून चायनीज क्रेस्टेडच्या एकाच वेतात केसाळ पिल्लंही जन्मतात, त्यांना पावडरपफ म्हणतात. अमेरिकेत आणखी एक बिनकेसांचं टेरियर आहे, त्याचे दात पूर्ण असतात, कारण जनुक तिसराच.

म्हणजे "केस नाहीत" हे एकच लक्षण, वाटा अनेक. मुधोळ, कारवान, पश्मी या आपल्याकडच्या जातींत हे नसतं असं आता कुणी म्हणेल. पण नव्यानं बिघाड कुठल्याही जातीत होऊ शकतो. आणि नराला एक्स एकच असतो, म्हणून एक्सवरचा दोष त्याला एकाच प्रतीनं होतो, आई-बाप नात्यातले असावे लागत नाहीत.

पाचगावचा पैलवान · १४ मार्च, दुपारी ३.२१

डॉक्टर, म्हंजे आता कायमचं असंच?

शिरवळ रिटर्न · १४ मार्च, दुपारी ३.५०

टक्कल कायमचं. पण असलं कुत्रं नीट सांभाळलं तर आनंदात जगतं.

इलाज म्हणाल तर पेनसिल्व्हेनियात जर्मन शेफर्डच्याच वंशातल्या कुत्र्यांवर याचा अभ्यास झाला. २००५ मध्ये त्यांच्यातला नेमका बिघाड सापडला, आणि २००७ मध्ये तयार केलेलं ते प्रथिन जन्मल्याबरोबर पिल्लांना टोचलं, तर पक्के दात बरेच नीट आले, डोळ्यांत पाणी आलं, घाम आला. त्यावरूनच पुढे जर्मनीत एर्लांगेनला गर्भातल्या मुलांना आईच्या पोटातच ते प्रथिन दिलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ती मुलं घाम येणारी जन्मली. कुत्र्यांनी माणसांच्या पोरांना दिलेली भेट आहे ही, खरं तर. पण दुकानात मिळणारं औषध नाही ते, आणि बंड्याची ती वेळ कधीच गेली.

कळंबेकर, डोळ्यांची चाचणी करून घ्या. पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट धरतात, ओल किती चढते ते बघतात. पंधरा मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे ठीक.

कळंबेकर · १९ मार्च, रात्री ८.३०

चाचणी झाली. उजवा सहा, डावा चार. डाव्या डोळ्यात बुब्बुळावर बारीक जखमही निघाली. त्यात हिरवा रंग घालून निळ्या उजेडात दाखवली मला, नखानं ओरखडा काढल्यागत. दोन महिने आम्ही "चिपडं आल्यात" म्हणून कोमट पाण्यानं पुसत होतो.

आता दिवसातनं सहा वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, जखमेचं वेगळं औषध. आईनं फ्रीजवर खडूनं सहा रेघा मारल्यात, थेंब घातला की एक पुसायची. कातडीचा तुकडाही तपासला. अहवालात तेच आलंय जे डॉक्टर म्हणाल्या: केसांची मुळं नाहीत, तैलग्रंथी नाहीत.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "परत आणून द्या, दुसरं देतो." आईनं माझ्या हातातनं फोन घेतला आणि बंद केला.

उद्यमनगर लेथ · १९ मार्च, रात्री ९.०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. परत देऊन पैसे घ्या. दर महिन्याला डोळ्याचं औषध, छातीचं औषध, नंतर दात काढणं. भावनेत किती दिवस?

कळंबेकर · १९ मार्च, रात्री ९.१०

परत दिला तर तो त्याचं काय करणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

उद्यमनगर लेथ · १९ मार्च, रात्री ९.२५

खरं आहे. मागे घेतलं.

सांगलीची सई · २१ मार्च, सकाळी ६.५०

हा धागा वाचून रात्रभर झोप नाही. मी पण त्याच विकणाऱ्याकडून पिल्लू घेतलंय, त्याच वेतातलं. जन्माची तारीख व्यक्तिगत निरोपातून ताडून बघितली, जुळली. माझी मादी आहे, तिला टक्कल नाही. पण उन्हात आंघोळ घालून वाळवलं की पाठीवरून बरगडीकडे केस विरळ असलेले तिरपे पट्टे दिसतात. आम्ही त्याला "टायरच्या खुणा" म्हणायचो. आज तोंड उघडलं, तर पुढचा एक दात नाही आणि एक टोकदार आहे. हिलाही तेच का?

शिरवळ रिटर्न · २१ मार्च, सकाळी ८.१५

सईताई, घाबरू नका. मादीत दोन एक्स असतात. प्रत्येक पेशीत त्यातला एक गप्प होतो, कुठला ते नशिबावर. जिथे चांगला एक्स गप्प झाला त्या पट्ट्यात केस विरळ, बाजूच्या पट्ट्यात भरपूर. म्हणून असे पट्टे. चित्र जुळतंय: ती वाहक असणार, म्हणजे दोष अंगात बाळगून पुढे देणारी. तिला स्वतःला बहुधा काही त्रास होणार नाही. पण तिला पिल्लं झाली तर सरासरीनं निम्मे नर बंड्यासारखे निघतील आणि निम्म्या माद्या तिच्यासारख्या. नसबंदी करून टाका.

कळंबेकर, बंड्याचीही करा. त्याचे मुलगे निरोगी निघतील, मुली मात्र सगळ्या वाहक.

आणि आता मूळ गोष्ट. एकाच वेतात आजारी भाऊ नि वाहक बहीण, म्हणजे दोष आईकडून आलाय. ती आई अजून त्याच्याकडे आहे ना?

कळंबेकर · २१ मार्च, दुपारी १२.४०

आहे. त्याला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "ठीक आहे, पुढच्या वेळी नर बदलतो."

मिरजकर अनिल · २१ मार्च, दुपारी १२.५५

नर बदलून काय होणार? बाप मुलाला वाय देतो. मुलाचा एक्स येतो तो आईकडूनच. हा म्हणजे गोठ्याचं छप्पर गळतंय म्हणून म्हैस बदलण्यातला प्रकार.

ताराराणी चौक · २१ मार्च, दुपारी १.३०

जनुकीय चाचणीचा कागद त्याच्या तोंडावर मारा की.

शिरवळ रिटर्न · २१ मार्च, दुपारी २.००

चाचणी ठरावीक बिघाड शोधते. पेनसिल्व्हेनियाच्या वंशातला बिघाड या कुत्रीत असेलच असं नाही, त्याच जनुकात दुसरीकडे असू शकतो. कागदावर "नाही" आलं तर तो तेच नाचवत बसेल. इथे दात आणि तुकड्याचा अहवाल पुरेसा बोलतोय. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बंड्या तुम्हाला कितव्या आठवड्यात दिला?

कळंबेकर · २१ मार्च, दुपारी २.०४

सहाव्या.

कळंबेकर · २८ जून, रात्री १०.२०

बरेच दिवसांनी. बंड्या सात महिन्यांचा झाला. पक्के दात आले तेवढे आले, सगळे मिळून सतरा. खालचा एक सुळा वरच्या हिरडीत टोचत होता, भूल देऊन काढला. त्याच वेळी नसबंदीही उरकली. भाकरी दुधात कुस्करून देतो, चिकन बारीक करून. हाडूक बघितलं की अजून धावत येतो, चघळतो, आणि ते जसंच्या तसं आमच्या चपलेत ठेवून जातो.

पाऊस लागला आणि आठ दिवसांत छाती भरली. ताप १०४. तीन दिवस दवाखान्यात सलाइन आणि वाफ. आता बरा आहे. डॉक्टर म्हणतात, पावसाळाभर साधी ढास जरी लागली तरी वाट बघायची नाही. कपाळाला ऊन लागू नये म्हणून आज्जीनं जुन्या लुगड्याची टोपी शिवलीय, ती तो दहा मिनिटांत फाडतो. उन्हाचा प्रश्न तूर्त पावसानंच मिटवलाय.

सांगलीची सई · २८ जून, रात्री १०.४५

आमच्या टायरबाईची नसबंदी झाली. टाके सुकले. ती आईबाई मेमध्ये पुन्हा माजावर आली होती आणि त्यानं जोड लावली, असं त्याच्या शेजाऱ्याकडून कळलं.

पाचगावचा पैलवान · २८ जून, रात्री १०.५०

चला जाऊ. गाडी माझी.

कळंबेकर · १८ ऑगस्ट, रात्री ९.४०

रविवारी विकणाऱ्याकडे गेलो होतो: मी, सई, पैलवान आणि माझी आई. बंड्यालाही नेलं. पैलवान दारातच उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. तेवढ्यानं बरंच काम झालं.

विकणारा नेहमीचं बोलत होता, चाटून गेलेत, नर बदललाय, वगैरे. त्याची बायको मधे आली. माझ्या आईनं तिला बाजूला घेतलं आणि त्यांच्या कुत्रीचं तोंड उघडून दाखवलं, अंगठा गालात घालून. वरचे पुढचे दोन दात नाहीत. बाई गप्प. मग नवऱ्याला म्हणाली, "तीन वेत झालं हिचं, कधी बघितलं हुतं का तुम्ही?" मागच्या दोन वेतांत "कपाळावर केस नसलेली" पिल्लं होती हे तिच्याच तोंडून निघालं. कुठे गेली ते आम्ही विचारलं नाही.

पिल्लांचं दूध तुटलं की कुत्रीची नसबंदी, असं त्या बाईंनी कबूल केलंय. डॉक्टर शिरवळ रिटर्न यांनी सर्जरीचं सामान सोडून काही घेणार नाही असं कळवलंय. सई आणि मी सामानाचे अर्धे अर्धे भरतोय.

नव्या वेतात पाच पिल्लं आहेत, पाच आठवड्यांची. तीन नर, दोन माद्या. दोन नरांचे केस नि दात व्यवस्थित. एका मादीच्या पाठीवर पट्टे आहेत, तिला सईच्या मावसभावानं मागितलीय, नसबंदीच्या अटीवर. दुसरी मादी ठीक दिसते, तरी डॉक्टर बघणार आहेत.

तिसऱ्या नराचं कपाळ बंड्यासारखं आहे. आई त्याला घरी आणायच्या तयारीत होती, पण दोघांचे थेंब घालायला फ्रीजवर जागा नाही, असं बाबा म्हणाले. डोळ्यांचं पहिल्या वर्षाचं औषध मी देईन. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कुठेही चालेल. घरात दिवसभर कुणीतरी असणारं पाहिजे. व्यक्तिगत निरोप करा.

उद्यमनगर लेथ · १८ ऑगस्ट, रात्री १०.०१

निरोप केलाय. आई-वडील दोघं घरीच असतात. थेंब कसे घालायचे ते एकदा दाखवायला या.